निवृत्त खेळाडूंची शाळा

मैदान सोडल्यावर खेळाडूची विद्या कोठे जाते? सिलतऱ्याच्या लोखंड-पोलादाच्या परिसरात मुले वाढविणाऱ्या आम्हां मराठी कुटुंबांना हा प्रश्न जवळचा वाटतो. इतिहासात त्याचे उत्तर सापडते.

मुंबईच्या शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर यांनी क्रिकेटपटूंच्या पिढ्या घडविल्या. ते स्वतः प्रथम दर्जाचा एकच सामना खेळले होते. यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवून ते गोलंदाजांस आव्हान देत. फलंदाज अखेरपर्यंत टिकला, तर नाणे त्याचे. १९८७ साली मद्रासला एमआरएफ पेस फाउंडेशन निघाले आणि ऑस्ट्रेलियाचे निवृत्त द्रुतगती गोलंदाज डेनिस लिली तेथे शिकवू लागले. आचरेकरांचा शिष्य सचिन तेंडुलकर वेगवान गोलंदाज होण्याच्या आशेने तेथे गेला आणि फलंदाजीकडेच लक्ष देण्याचा सल्ला घेऊन परतला. जाणत्याचा नकार हीदेखील शिकवणच होय. पुढे ११६ कसोटी सामने खेळलेल्या दिलीप वेंगसरकरांनी १९९५ साली ओव्हल मैदानावर मुलांसाठी अकादमी काढली.

छत्तीसगडचा संघ २०१६ साली रणजी करंडकात उतरला. २०२३ साली रायपूरला एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामनाही झाला. मैदान आहे; हवेत ते शिकविणारे हात. आमच्यापैकी जे कोणी शाळा-महाविद्यालयांच्या वा कारखान्यांच्या संघांतून खेळले असतील, त्यांनी या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने रविवारची एक सकाळ मुलामुलींना द्यावी. स्वतःची कीर्ती लहान असली, तरी दिलेली विद्या लहान ठरत नाही. आचरेकरांचा तो एकच सामना त्याची साक्ष देतो.