पाचूबंदर व किल्लाबंदर : वसईच्या कोळी बंदराचा आणि होड्यांचा इतिहास

वसईच्या किल्ल्याच्या तटाला लागून, उल्हास नदीची खाडी अरबी समुद्रास मिळते त्या मुखाशी पाचूबंदर व किल्लाबंदर या दोन कोळी वस्त्या वसल्या आहेत. येथील बहुसंख्य रहिवासी ख्रिस्ती कोळी असून मासेमारी हा त्यांचा परंपरागत व्यवसाय आहे. किल्ल्याचा इतिहास आपण अनेकदा वाचतो. परंतु त्या तटाखाली शतकानुशतके राबत आलेल्या बंदराची नोंद मात्र फारशी कोणी घेतलेली नाही.

२३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तहान्वये वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. पोर्तुगीजांना या भूमीचे आकर्षण होते त्याचे एक कारण लाकूड हे होय. वसईच्या मागील डोंगरांतील साग नद्या-खाड्यांच्या वाटेने खाली आणता येई आणि त्यापासून जहाजे बांधता येत. उत्तरेकडील आगाशी हेही त्या काळी इमारती लाकडाच्या व्यापाराचे व जहाजबांधणीचे केंद्र होते. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा पोर्तुगीज सत्ता गेली, वसईचे राजकीय महत्त्वही हळूहळू ओसरले. मोठ्या जहाजांचे दिवस संपले. कोळ्यांच्या होड्यांचे मात्र संपले नाहीत. दर्या दरवाजाबाहेरचे पाणी त्यांचेच राहिले.

ही होडी कशी होती? ठाणे जिल्ह्याच्या उत्तर किनाऱ्यावरील मचवा रुंद पोटाचा, सरळ पठाणाचा, टोकदार नाळेचा आणि उंच काठाचा असे. पठाण म्हणजे होडीचा तळातील मुख्य कणा. वसईच्या किनाऱ्यावर उधाणाला पाणी चार मीटरहून अधिक चढते व उतरते आणि ओहोटीला दूरवर चिखल उघडा पडतो. अशा ठिकाणी होडी त्या चिखलावर टेकून राहावी लागते. रुंद पोट आणि सरळ पठाण यांचा उपयोग इथे ध्यानात येतो. उंच काठांमुळे लाटांचे पाणी आत येत नसे व मासळी भरून परतता येई. बांधणी सागाची, फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासलेला. कागदावरचा नकाशा नसे. सुताराच्या नजरेत आणि हातात सारे माप असे. एक डोलकाठी, तिच्यावर तिरके शीड आणि वारा पडला की वल्ही, एवढ्यावर तांडेल होडी हाकीत असे.

होडीचा आकार ज्या जाळ्यासाठी घडला ते जाळे म्हणजे डोल. ही एक लांबलचक शंकूच्या आकाराची पिशवी होय. तिचे तोंड समुद्रतळात रोवलेल्या खुंटांना दोरांनी बांधलेले असते आणि ते प्रवाहाच्या दिशेस उघडे राहते. तोंडाशी आस मोठे, शेपटीकडे बारीक होत गेलेले. डोल मासळीच्या मागे धावत नाही. भरती-ओहोटीचा ओघच मासळीला तिच्यात आणतो. त्यामुळे पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला धंदा जोरात आणि भांगाच्या दिवसांत मंद, असे कोळ्याचे पंचांग चंद्रावर चालते. पाणी थांबण्याच्या अल्प वेळात जाळे उचलावे लागते. पूर्वी ही जाळी सुती व तागाच्या धाग्यांची असत. ती कुजू नयेत म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात उकळीत. नायलॉन आल्यावर ते काम संपले.

डोलीत येणारे मुख्य धन म्हणजे बोंबील, शिवाय मांदेली, करंदी, जवळा. बोंबलाच्या अंगात पाण्याचा अंश फार असल्याने तो लवकर नासतो. म्हणून दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते बांबूंच्या वलांडीवर वाळत घालतात. हे काम स्त्रियांचे. निवडणे, वाळवणे, बाजारात नेऊन विकणे आणि घरातील पैशाचा हिशेब ठेवणे हे सारे कोळणीच्या हाती असते. होडी पुरुषांची म्हणावी, तर बंदर स्त्रियांचे म्हणावे लागेल! १८६४ साली रेल्वे सुरू झाल्यावर मुंबईची बाजारपेठ वसईला जवळ आली.

खरा पालट १९५० नंतर झाला. सातपाटी येथील मच्छिमारांनी यांत्रिकीकरणात पुढाकार घेतला आणि सहकारी संस्था व शासकीय कर्जे यांच्या साहाय्याने ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावर इंजिनाच्या होड्या वाढत गेल्या. शीड उतरले. होड्या लांब व जड झाल्या, बर्फ घेऊन अनेक दिवस दूर समुद्रात राहू लागल्या. खलाशी म्हणून डहाणू, तलासरी, जव्हार भागांतील आदिवासी बांधव येऊ लागले. उत्पन्न वाढले, तसा डिझेलचा व कर्जाचा भारही वाढला.

दूर जाण्याबरोबर एक वादही उपजला. डोलीचे खुंट रोवण्याच्या जागेस 'कव' म्हणतात. वसई, उत्तनकडील होड्या उत्तरेस जाऊन कवी मारू लागल्या, तेव्हा सातपाटी-डहाणूकडील मच्छिमारांनी आपल्या परंपरागत जागांवर आक्रमण झाल्याची तक्रार केली. दोन्ही बाजूंस कोळीच आहेत आणि दोघांचेही पोट त्याच समुद्रावर आहे. या प्रश्नावर बैठका अनेक झाल्या. समुद्रात बांध घालता येत नाही, हीच त्यातील अडचण.

पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात. संत पेत्र व संत पौल यांचा २९ जूनचा सण नेमका याच दिवसांत येतो. मच्छिमार असलेल्या प्रेषिताच्या सणाला होड्या जमिनीवर असतात, हा योगायोग येथील वृद्धांस मोठा गोड वाटतो. २०१५ पासून पश्चिम किनाऱ्यावर पावसाळी बंदीचा काळ ६१ दिवसांचा, १ जून ते ३१ जुलै असा ठरविण्यात आला. हंगामापूर्वी धर्मगुरूंच्या हस्ते होड्यांना आशीर्वाद देण्याची प्रथा ख्रिस्ती कोळ्यांत आहे.

आज बंदरापुढील प्रश्न पाण्यापेक्षा जमिनीचा अधिक आहे. होड्या मोठ्या झाल्या, त्यांना ठेवण्यास व दुरुस्तीस जागा अधिक लागते. लाटांनी किनारा मात्र खचत आहे. मे २०२१ च्या 'तौक्ते' वादळाने या किनाऱ्याला मोठा तडाखा दिला. वलांड्या ज्या मोकळ्या जागेवर उभ्या राहतात ती पिढ्यान्‌पिढ्या वापरात असली तरी बहुतेक कोळीवाड्यांत तिचा सातबारा कोळ्यांच्या नावे नाही. म्हणून कोळीवाड्यांचे सीमांकन करावे, त्यात घरांबरोबर मासळी सुकविण्याची व होड्या ओढण्याची जागाही धरावी, अशी मच्छिमारांची मागणी आहे. ही मागणी रास्त आहे असे आम्हांस वाटते, कारण घर राहिले आणि वलांडीची जागा गेली तर बोंबील सुकवायचा कोठे?

फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई-भाईंदर रो-रो सेवा सुरू झाली आणि जुन्या खाडीत प्रवासी व वाहने पुन्हा पाण्यावरून जाऊ लागली. त्याच वर्षी डहाणू तालुक्यातील वाढवण बंदरास केंद्र सरकारने मंजुरी दिली. किनाऱ्यावरील मच्छिमारांनी त्यास दीर्घकाळ विरोध केला आहे. ज्या पाण्यात डोली लागतात त्याच पट्ट्यात हे महाबंदर उभे राहणार आहे.