इगोर्स राउसिस प्रकरण : बुद्धिबळातील गुणांकन, कपट आणि पुरावा

बुद्धिबळाच्या इतिहासकारास एक सोय लाभलेली असते, जी अन्य क्रीडांच्या इतिहासकारांस क्वचितच लाभते. खेळलेला डाव चालींच्या रूपाने जसाच्या तसा लिहून ठेवता येतो. मल्लाची कुस्ती संपली की तिची आठवण तेवढी मागे राहते; पटावरील डावाची मात्र अस्सल प्रतच हाती उरते. शंभर वर्षांपूर्वीच्या खेळाडूने कोणत्या क्षणी कोणते प्यादे पुढे सारले, हे आजही तंतोतंत सांगता येते. तथापि या सर्व साधनांचे मूल्य एका गृहीतावर अवलंबून आहे. ते असे की, चाल ज्याच्या हाताने झाली, ती त्याच्याच बुद्धीने सुचलेली होती. हे गृहीत ढळले की डावाची वही अस्सल असूनही तिची साक्ष संशयास्पद ठरते. लॅटव्हियाचे ग्रँडमास्टर इगोर्स राउसिस यांच्या कारकीर्दीचा आणि २०१९ साली झालेल्या त्यांच्या अधःपाताचा विचार प्रस्तुत निबंधात याच दृष्टीने करावयाचा आहे.

१. पूर्वायुष्य व कारकीर्द

राउसिस यांचा जन्म १९६१ साली तत्कालीन सोव्हिएत संघात झाला. त्या संघात बुद्धिबळास राज्याश्रय होता. शास्त्रशुद्ध शिक्षण, सततच्या स्पर्धा आणि अंत्यावस्थेचा कसून अभ्यास यांतून तयार झालेल्या खेळाडूंची संख्या तेथे एवढी मोठी होती की, अन्य देशांत अग्रगण्य ठरले असते असे कित्येक खेळाडू तेथे दुसऱ्या-तिसऱ्या पंक्तीत राहिले. १९९१ साली संघाचे विघटन झाले व हा आश्रय नाहीसा झाला. अनेक खेळाडूंना पश्चिम युरोपातील खुल्या स्पर्धांच्या बक्षिसांवर आणि शिकवणीवर निर्वाह करणे भाग पडले.

आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाने, म्हणजे फिडेने, राउसिस यांस १९९२ साली ग्रँडमास्टर ही पदवी दिली. १९९५ साली त्यांनी लॅटव्हियाचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. २००३ पासून २००७ पर्यंत ते बांगलादेशाच्या वतीने खेळले व तेथील खेळाडूंना त्यांनी मार्गदर्शनही केले; २००७ नंतर ते चेक प्रजासत्ताकाच्या नावावर खेळू लागले. तीन देशांच्या नावांवर पसरलेली ही कारकीर्द त्या पिढीतील फिरत्या व्यावसायिकाचे एक प्रातिनिधिक उदाहरण होय. जगज्जेतेपदाच्या जवळपासही न गेलेला, परंतु आपला व्यवसाय उत्तम जाणणारा खेळाडू, असेच त्यांचे वर्णन पन्नाशीपर्यंत करता आले असते.

२. यंत्राचे स्थित्यंतर

बुद्धिबळातील कपट हे यंत्रयुगाचे अपत्य नव्हे. किंबहुना या विषयातील सर्वांत प्रसिद्ध कपटाचे स्वरूप आजच्या नेमके उलट होते. व्होल्फगांग फॉन केम्पेलेन यांनी १७७० साली व्हिएन्नाच्या दरबारात बुद्धिबळ खेळणारा एक यांत्रिक ‘तुर्क’ सादर केला. पुढे अनेक दशके युरोप व अमेरिका येथील प्रेक्षकांना त्याने थक्क केले. परंतु त्याच्या पेटीत एक कसलेला खेळाडू दडलेला असे. तेथे यंत्राच्या आड माणूस होता. दोन शतकांनंतर माणसाच्या आड यंत्र लपू लागले.

या बदलाचे टप्पे स्पष्ट आहेत. १९९७ साली न्यूयॉर्क येथे ‘डीप ब्ल्यू’ या संगणकाने जगज्जेते गॅरी कास्पारोव्ह यांस सहा डावांच्या सामन्यात पराभूत केले. तो संगणक अवाढव्य होता. तो खिशात घालून कोणास स्पर्धेस नेता आला नसता. २००६ साली बॉन येथे व्लादिमिर क्रामनिक हे बाजारात मिळणाऱ्या आज्ञावलीकडून हरले. २००९ साली ब्युनॉस आयरिस येथील एका स्पर्धेत भ्रमणध्वनीवर चालणाऱ्या आज्ञावलीने दहा डावांत साडेनऊ गुण मिळविले. म्हणजे अवघ्या बारा वर्षांत जगज्जेत्याला नमविणारे सामर्थ्य तळहातावर येऊन बसले.

त्याचे परिणामही लवकरच दिसू लागले. २००६ साली दिल्लीतील एका स्पर्धेत टोपीत शिवलेल्या बिनतारी उपकरणाद्वारे बाहेरून चाली मिळविणारा एक खेळाडू पकडला गेला व त्यास दहा वर्षे खेळण्यास मनाई झाली. २०१० च्या ऑलिंपियाडमधील वर्तनाबद्दल फ्रान्सचे ग्रँडमास्टर सेबास्तियाँ फेलेर यांस फिडेने दोषी ठरविले. २०१५ साली दुबई येथे जॉर्जियाचे राष्ट्रीय विजेते गायोझ निगालिद्झे यांचा भ्रमणध्वनी शौचकूपात दडविलेला सापडला. त्यांस तीन वर्षांची बंदी झाली आणि त्यांची ग्रँडमास्टर पदवी काढून घेण्यात आली. दिल्लीच्या व ऑलिंपियाडच्या प्रकरणांत बाहेरच्या साहाय्यकाची आवश्यकता होती. दुबईच्या प्रकरणात ती उरली नाही. एकट्या माणसास कोणासही विश्वासात न घेता करता येईल असे हे कपट झाले होते.

३. गुणांकनाचे गणित

राउसिस यांचे प्रकरण समजून घेण्यासाठी एलो गुणांकनपद्धतीचा थोडा परिचय आवश्यक आहे. हंगेरीत जन्मलेले अमेरिकन प्राध्यापक आर्पाद एलो यांची ही पद्धती फिडेने १९७० साली स्वीकारली. दोन खेळाडूंच्या गुणांकनांतील अंतरावरून डावाचा अपेक्षित निकाल काढावयाचा आणि प्रत्यक्ष निकाल त्याहून चांगला वा वाईट असेल त्या मानाने गुण वाढवावयाचे वा घटवावयाचे, हे तिचे सार होय.

या पद्धतीत एक मर्यादा घातलेली होती. दोघांतील अंतर ४०० गुणांहून अधिक असले तरी ते ४०० च धरावे, असा नियम होता. त्या अंतरावर बलवान खेळाडूकडून शंभर डावांत ९२ गुणांची अपेक्षा धरली जाते. ग्रँडमास्टरच्या श्रेणीत बदलाचा गुणक १० असल्यामुळे अशा प्रत्येक विजयास ०·८ गुण मिळतो. बरोबरी झाल्यास ४·२ गुण जातात आणि पराभव झाल्यास ९·२. प्रतिस्पर्धी ५००-६०० गुणांनी दुबळा असला, तरी विजयाचे मोल ०·८ च राहते. अर्थात अगदी दुबळ्या खेळाडूंशी सातत्याने खेळून आपले गुणांकन इंचाइंचाने वाढविणे नियमांच्या चौकटीतही शक्य होते.

तथापि ही वाट दिसते तितकी सोपी नव्हे. केवळ या मार्गाने ८० गुण वाढवावयाचे तर ओळीने शंभर विजय हवेत. मध्ये एक बरोबरी झाली की पाच विजयांची कमाई वाहून जाते. एक पराभव अकरा विजयांचे फळ नष्ट करतो. दुबळ्या प्रतिस्पर्ध्याशी खेळतानाही कधी थकवा येतो, कधी प्रारंभीच चूक होते, कधी एखादा होतकरू मुलगा आयुष्यातील उत्तम डाव खेळून जातो. या अपघातांपासून जवळजवळ पूर्ण संरक्षण मिळाले, तरच हे गणित जमते.

राउसिस यांचे गुणांकन २०१२ च्या सुमारास साधारण २५०० होते. त्यानंतर ते चढतच गेले व जुलै २०१९ च्या यादीत २६८६ वर पोहोचले. जगात त्यांचा क्रमांक ५३ वा लागला. त्या वेळी त्यांचे वय ५८ वर्षांचे होते आणि पहिल्या शंभर खेळाडूंत त्यांच्याएवढे वयस्क दुसरे कोणी नव्हते. ज्या वयात बहुतेक सर्व खेळाडूंची शक्ती उतरणीस लागलेली असते, त्या वयात हा चढ विलक्षण होय. परंतु त्यांचे बहुसंख्य प्रतिस्पर्धी त्यांच्याहून फार दुबळे असल्यामुळे या चढाचे एक निर्दोष स्पष्टीकरण सदैव तयार होते. नियमातील सवलतीचा ते चतुराईने उपयोग करीत आहेत, एवढेच पुष्कळांनी म्हटले. या प्रकरणाचे मर्म येथेच आहे. ४०० गुणांच्या नियमाने त्यांच्या वाढीस मार्ग दिला आणि त्याच नियमाने तिच्यावर पांघरूणही घातले.

४. स्ट्रासबुर्ग

संशय नव्हता असे मात्र नाही. फिडेने या सुमारास कपटास आळा घालण्यासाठी स्वतंत्र ‘फेअर प्ले’ आयोग स्थापिला होता. खेळाडूच्या चालींची संगणकाच्या चालींशी संख्याशास्त्रीय तुलना करण्याची पद्धती अमेरिकन प्राध्यापक केनेथ रीगन यांनी विकसित केलेली होती व तिचा उपयोग आयोग करीत असे. राउसिस यांच्या खेळावर आयोगाचे लक्ष काही काळ होतेच. परंतु संख्याशास्त्र असंभाव्यता दाखविते, कृत्य दाखवीत नाही. त्यातही दुबळ्या खेळाडूशी खेळताना अनुभवी ग्रँडमास्टरला अचूक चाली स्वतःच्या बळावर सुचू शकतात, आणि डावातील एखाद-दुसऱ्या अवघड क्षणीच यंत्राचे साहाय्य घेतले, तर त्याची खूण शेकडो प्रामाणिक चालींत विरून जाते. म्हणून प्रत्यक्ष पुराव्याची गरज होती.

तो पुरावा जुलै २०१९ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथील खुल्या स्पर्धेत मिळाला. प्रसाधनगृहात एक भ्रमणध्वनी सापडला आणि तो आपलाच असल्याचे राउसिस यांनी लेखी मान्य केले. शौचकूपात बसून भ्रमणध्वनी हाताळीत असल्याचे त्यांचे एक छायाचित्रही सर्वत्र प्रसृत झाले. असे छायाचित्र घेणे व प्रसिद्ध करणे कितपत न्याय्य, याविषयी त्या वेळी मतभेद झाले, आणि तो प्रश्न क्षुल्लक नव्हता. कपट उघडकीस आणणाराही मर्यादेने बांधलेला असतो. राउसिस यांनी आरोप नाकारला नाही. यंत्राचे साहाय्य घेतल्याची कबुली त्यांनी दिली आणि आपली स्पर्धात्मक कारकीर्द संपल्याचे सांगितले.

डिसेंबर २०१९ मध्ये फिडेच्या नीतिविषयक आयोगाने निर्णय दिला. राउसिस यांस सहा वर्षे खेळण्यास मनाई करण्यात आली व त्यांची ग्रँडमास्टर पदवी काढून घेण्यात आली. पुढे त्यांनी इसा कासिमी असे नाव धारण केले. २०२० साली या नावाने ते लॅटव्हियातील एका लहान स्पर्धेत उतरले असता ग्रँडमास्टर आर्तुर्स नेइक्शान्स यांनी हरकत घेतली व त्यांस स्पर्धा सोडावी लागली. मार्च २०२४ मध्ये, बंदीची मुदत संपण्यापूर्वीच, ते निधन पावले.

५. निर्णय आणि इतिहास

या प्रकरणातून उद्भवणारा प्रश्न असा की, या कारकीर्दीचे मूल्यमापन कसे करावयाचे? आयोगाने काढून घेतलेली पदवी १९९२ सालची होती. त्या वर्षी कोणतेही यंत्र खिशात बाळगून ग्रँडमास्टर होता येणे शक्यच नव्हते. शिक्षा म्हणून हा निर्णय समर्थनीय आहे. पदवी ही केवळ कौशल्याची नोंद नसून संस्थेने व्यक्तीवर टाकलेला विश्वास आहे, आणि विश्वासघात झाल्यावर तो परत घेण्याचा अधिकार संस्थेस असतोच. परंतु संस्थेचा निर्णय वेगळा आणि इतिहासाचा निर्णय वेगळा. १९९५ साली लॅटव्हियाचा विजेता कोण, या प्रश्नाचे उत्तर २०१९ च्या निर्णयाने बदलत नाही.

उलट बाजूस, प्रामाणिक कालखंड येथे संपला व कपटाचा काळ येथून सुरू झाला, अशी सीमारेषा आखू पाहणाऱ्यास यश येणे कठीण आहे. भ्रमणध्वनीने स्ट्रासबुर्गचे कृत्य सिद्ध केले. त्यामागील सहा-सात वर्षांच्या डावांबद्दल तो मूक आहे. त्या वर्षांतील कित्येक डाव राउसिस यांनी स्वतःच्या बळावर जिंकले असतील. पण कोणते, हे ठरविण्याचे साधन त्यांनी स्वतःच नष्ट केले. उत्तम चाल दिसली की ती यंत्राची, आणि सामान्य चाल दिसली की ती माणसाची, अशा वाचनात खेळाडूच्या खऱ्या कौशल्याला जागाच उरत नाही. कपटाने मिळविलेल्या गुणांची ही किंमत होती.

आणखी एका गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही. अशा प्रकरणांत पराभूतांची नावे कोणी विचारीत नाही. जगज्जेतेपदाच्या सामन्यात कपट झाले असते, तर त्याचा बळी एक नामवंत खेळाडू ठरला असता. येथे बळी ठरले ते रजा काढून, पदरच्या पैशाने स्पर्धेस आलेले हौशी खेळाडू, ज्यांच्या दृष्टीने ग्रँडमास्टरसमोर बसणे हाच एक सन्मान होता. त्यांच्या पराभवांची नोंद गुणांकनाच्या यादीत कायम आहे, आणि आपण कोणाशी हरलो, माणसाशी की यंत्राशी, हे त्यांस कधीच निश्चित कळणार नाही.

नियमांत पुढे सुधारणा झाली. १ ऑक्टोबर २०२५ पासून २६५० व त्याहून अधिक गुणांकनाच्या खेळाडूंना ४०० गुणांची मर्यादा लागू राहिली नाही. फार दुबळ्या खेळाडूंवरील विजयांनी वर चढण्याची वाट त्या श्रेणीत बंद झाली. परंतु नियम केवळ लाभाचे प्रमाण कमी करू शकतो. गुणांकन हे मुळात बलाचे माप म्हणून निर्माण झाले होते. ते स्वतःच साध्य झाले, की मापाची सत्यता जपण्याची इच्छा क्षीण होऊ लागते. चाळीस वर्षांच्या परिश्रमाने मिळविलेले २५०० हे माप खरे होते. राउसिस यांस ते पुरेसे वाटले नाही, आणि त्यांनी मिळविलेले २६८६ कशाचेच माप राहिले नाही. या कारकीर्दीचा पूर्वार्ध खोटा न म्हणता आणि उत्तरार्ध क्षम्य न ठरविता दोहोंची नोंद शेजारी शेजारी ठेवणे, हेच या प्रकरणी इतिहासकाराचे काम होय.