परमिटवरचे सिमेंट

मंडळी, आज दुकानदाराला फोन केला की संध्याकाळपर्यंत सिमेंटची पोती दारात येऊन पडतात. त्यामुळे 'सिमेंटचे परमिट' म्हटले की घरातली तरुण मंडळी चकित होऊन बघतात. साखर, रॉकेल रेशनवर मिळायचे हे त्यांनी ऐकलेले असते. पण सिमेंट? होय, सिमेंटसुद्धा! म्हणून हा लेखनप्रपंच.

थोडे मागून सुरुवात करतो. इंग्लंडमधल्या लीड्स गावच्या जोसेफ अ‍ॅस्पडिन नावाच्या गवंड्याने १८२४ मध्ये चुनखडी आणि चिकणमाती एकत्र भाजून केलेल्या भुकटीचे पेटंट घेतले. ती घट्ट झाल्यावर पोर्टलंडच्या नामांकित दगडासारखी दिसते, म्हणून नाव पडले 'पोर्टलंड सिमेंट'. ते आजही आपल्या पोत्यांवर असते. आपल्याकडे मात्र त्यानंतरही कित्येक वर्षे चुन्याच्या घाणीचेच राज्य होते. १९१४ मध्ये पोरबंदरच्या कारखान्यातून सिमेंट निघू लागले. पहिल्या महायुद्धात विलायती माल येणे अवघड झाले आणि पाठोपाठ कटनी, लाखेरी येथे कारखाने उभे राहिले. युद्ध संपल्यावर तर इतके कारखाने निघाले की एकमेकांचे भाव पाडता पाडता काही बुडाले. शेवटी १९३६ मध्ये दहा कंपन्या एकत्र येऊन 'एसीसी' स्थापन झाली. त्यासाठी खटपट करणारे एफ. ई. दिनशॉ त्याच वर्षी, कंपनी उभी राहण्याआधीच वारले.

गंमत पाहा, आपल्या सिमेंटचे पहिले दुखणे अति झाल्याचे होते! टंचाई नंतर आली. दुसऱ्या महायुद्धात सरकारने नियंत्रण आणले. स्वातंत्र्यानंतर धरणे, पूल, कारखाने यांना आधी सिमेंट मिळावे म्हणून ते बराच काळ चालू राहिले. हेतू वाईट नव्हता. पण भाव असा बांधून ठेवलेला की नवा कारखाना काढण्यात कोणाला फारसा रस उरेना. माल कमी म्हणून नियंत्रण आणि नियंत्रण म्हणून माल कमी! सामान्य माणसाने अर्ज करायचा आणि वाट पाहायची. ज्याला थांबणे शक्य नसे तो काळ्या बाजाराची वाट धरी. आमच्या पिढीतल्या किती नोकरदारांची घरे जोत्यापर्यंत येऊन थांबलेली मी पाहिली आहेत.

मग १९८१ साल उजाडले. मुख्यमंत्री अंतुले यांच्याशी संबंधित ट्रस्टला मिळालेल्या देणग्यांविषयी अरुण शौरी यांनी 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये लिहिले. बांधकाम व्यावसायिकांना दिलेले सिमेंट आणि या देणग्या यांचा संबंध असल्याचा निर्णय जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दिला आणि अंतुले यांनी राजीनामा दिला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, वर्षानुवर्षे चालले. तेव्हा चर्चा झाली ती व्यक्तीची. मला मात्र वाटते, सिमेंटच्या कागदावरची एक सही इतकी मोलाची कशी झाली, हा प्रश्न अधिक मोठा होता.

त्याच वर्षी फेब्रुवारीअखेर केंद्र सरकारने नियंत्रण अंशतः उठवले. ठरावीक हिस्सा सरकारी भावाने द्यायचा, उरलेला खुल्या बाजारात विकायचा. १९८९ मध्ये उरलेसुरले नियंत्रणही गेले. नवे कारखाने भराभर निघाले. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या आवारपूरचा कारखाना १९८३ चा. त्या सुमारास देशात वर्षाला सुमारे दोन कोटी टन सिमेंट होत असे. आज ते चाळीस कोटी टनांच्या वर गेले आहे. जगात चीनच्या खालोखाल आपला नंबर लागतो.

मग सगळे छान झाले का? इथे शाळेतले रसायनशास्त्र आठवावे. शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली की छप्पन किलो चुना उरतो आणि चव्वेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भट्टीतल्या कोळशाचा धूर वेगळाच. भट्टी उद्या सूर्यावर चालवली तरी हे चव्वेचाळीस किलो निघणारच! जगभर माणूस जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो त्यातला सुमारे सात-आठ टक्के एकट्या सिमेंटचा आहे. औष्णिक वीज केंद्रांतली राख मिसळून भाजलेल्या चुनखडीचे प्रमाण कमी करता येते आणि आपल्याकडे तसे मोठ्या प्रमाणावर केलेही जाते. पण खप वाढतच आहे.

परमिट परत यावे असे मी मुळीच म्हणणार नाही. त्या दिवसांची आठवण आली तरी नको वाटते. पण तेव्हा गवंडी सांडलेला माल थापीने गोळा करून पुन्हा वापरी. अशा मिनतवारीने मिळवलेल्या सिमेंटवर उभ्या राहिलेल्या इमारती आता पुनर्विकासासाठी पाडल्या जात आहेत. त्यांतल्या काही खरोखरच धोकादायक आहेत. काही मात्र जास्त चटईक्षेत्र मिळते म्हणून पाडतात. अशा वेळी सोसायटीच्या सभेत नव्या फ्लॅटच्या चौरस फुटांवर तास न् तास चर्चा होते. ही इमारत दुरुस्त करून आणखी वीस वर्षे टिकेल का, हा प्रश्नही एखाद्याने उठून विचारायला हवा.

असो. कोणाच्या घरी जुने सिमेंटचे परमिट जपून ठेवलेले असेल तर जरूर कळवा. नातवंडांना दाखवायचे आहे.