हौस आणि व्रत : मराठी हौशी रंगभूमीचा एक आढावा

मराठी रंगभूमीचा इतिहास आजवर बहुधा नटांचा, नाटककारांचा आणि नाटकमंडळ्यांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. भाऊराव कोल्हटकर, गणपतराव जोशी, बालगंधर्व, केशवराव भोसले हीं नांवें घेतलीं कीं त्या इतिहासाचीं शिखरें सांगून झालीं असें आपण मानतों. शिखरें तीं खरींच. परंतु ह्या इतिहासांत आणखी एक वर्ग सतत वावरत आला आहे. दिवसा कचेरींत खर्डेघाशी करावी, शाळेंत शिकवावें, दवाखान्यांत रोगी तपासावे आणि सायंकाळीं तालमीच्या जागेकडे वळावें. नाटकानें आपलें पोट भरावें अशी अपेक्षा नाहीं, उलट प्रसंगीं पदरचे चार पैसे त्यांत घालावे, असा त्याचा क्रम. ह्या वर्गास आपण ‘हौशी’ म्हणतों. ह्या शब्दांत थोडी उपेक्षाही आहे. जें आवडीनें केलें पण नेटानें केलें नाहीं तें हौशी, असा एक अर्थ त्यास चिकटला आहे. तो कितपत न्याय्य आहे, आणि हौशी संस्थांपैकीं कांहीं दोन वर्षांत कां मावळल्या व कांहीं पिढ्यान् पिढ्या कां टिकल्या, हें पाहण्याचा येथें विचार आहे.

१८४३ सालीं सांगलीस विष्णुदास भाव्यांनीं ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणलें तें चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन ह्यांच्या आश्रयानें. १८५१ सालीं अप्पासाहेब वारले, राजाश्रय सुटला, आणि भाव्यांस नाटक गांवोगांव नेऊन पैसा मिळवावा लागला. येथून नाटकाचा धंदा सुरू झाला; आणि धंदा म्हटला कीं त्याच्या गुणांबरोबर त्याचे दोषही आले. मंडळी सदा फिरतीवर, मुक्काम बिऱ्हाडांत, शिक्षण बेताचें; त्यामुळें ‘नाटक्या’ हा शब्द पांढरपेशा घरांत शिवीसारखा उच्चारला जाऊं लागला. ह्याच काळांत शेक्सपिअर आणि कालिदास वाचलेली पिढी इंग्रजी शाळा-कॉलेजांतून बाहेर पडत होती. तिला नाटक हवें होतें, परंतु नाटक्या व्हावयाचें नव्हतें. ह्या पेचांतून सुशिक्षितांची हौशी रंगभूमि जन्मास आली.

विनायक जनार्दन कीर्तने ह्यांनीं १८६१ सालीं ‘थोरले माधवराव पेशवे’ हें नाटक लिहिलें तेव्हां त्यांनीं विशी जेमतेम ओलांडली होती. पुराणांतल्या राक्षसांनीं गजबजलेल्या रंगभूमीस इतिहासाकडे वळविण्याचें श्रेय अशा एका तरुणाकडे जातें. पुढें १८८० च्या सुमारास पुण्यांत शंकरराव पाटकर, गोविंद बल्लाळ देवल वगैरे सुशिक्षित मंडळींनीं ‘आर्योद्धारक’ नाटक मंडळी काढली आणि ‘ऑथेल्लो’चें मराठी रूपांतर करून दाखविलें. आणि मराठी संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर हे तरी कोण होते? पुण्यास रेव्हिन्यू कमिशनरांच्या कचेरींतील कारकून. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं आनंदोद्भव नाटकगृहांत त्यांच्या ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक झाले, तेव्हां त्यांतून पन्नास वर्षें चालणारें संगीताचें युग निघेल असें कोणास वाटलें असेल? किर्लोस्कर मंडळी पुढें धंदेवाईक झाली आणि वैभवास चढली. परंतु पहिलें पाऊल कचेरी सुटल्यावरच्या वेळांत पडलें होतें. नवी वाट हौशी मंडळींनीं पाडावी आणि धंदेवाईकांनीं तिचा राजमार्ग करावा, असा हा क्रम पुढेंही वारंवार दिसतो.

मात्र वाट पाडणें निराळें आणि ती रोज झाडून स्वच्छ ठेवणें निराळें. ह्या दुसऱ्या कामाचा विचार करतां १८९४ सालीं पुण्यांत स्थापन झालेल्या ‘स्टुडंट्स सोशल क्लब’ची आठवण होते. विद्यार्थ्यांच्या ह्या मंडळाचें नामांतर होत होत त्यांतूनच आजचें भरत नाट्य मंदिर उभें राहिलें. विद्यार्थी दोनचार वर्षांत शिकून निघून जातो. त्याच्या हौसेवर उभी राहिलेली संस्था शंभराहून अधिक वर्षें टिकावी ही साधी गोष्ट नव्हे. गेलेल्याच्या जागीं येणारा सांपडला पाहिजे, आणि आलेल्याच्या हातीं किल्ली, हिशेबाची वही आणि रंगविलेले पडदे सुखरूप पडले पाहिजेत. तरच हें घडतें.

ह्याच्या उलट उदाहरण ‘नाट्यमन्वंतर’ ह्या संस्थेचें. १९३१ सालीं बोलपट आला आणि पाहतां पाहतां नाटकगृहांचीं चित्रपटगृहें होऊं लागलीं. जुन्या मंडळ्या कर्जांत बुडाल्या. अशा पडत्या काळांत श्रीधर विनायक वर्तक, के. नारायण काळे, अनंत काणेकर, पार्श्वनाथ आळतेकर, केशवराव दाते, केशवराव भोळे प्रभृति एकत्र आले, आणि १ जुलै १९३३ रोजीं त्यांनीं ‘आंधळ्यांची शाळा’ हें वर्तकांचें नाटक केलें. मूळ नाटक नॉर्वेच्या ब्यर्नसनचें. पुरुषाच्या शीलास एक माप आणि स्त्रीच्या शीलास दुसरें, हा समाजाचा न्याय त्यांत प्रश्नास लावला होता. पदांचा पूर आवरलेला, स्वगतें गाळलेलीं, रंगमंचावर खऱ्याखुऱ्या दिवाणखान्याचा भास, आणि मुख्य म्हणजे स्त्रियांच्या भूमिका ज्योत्स्नाबाई भोळे, पद्माबाई वर्तक ह्यांसारख्या प्रतिष्ठित घरच्या स्त्रियांनींच केलेल्या! आपल्या मुलीनें रंगभूमीवर उभें राहिलें तर घराण्यास बट्टा लागतो, ही समजूत ह्या एका प्रयोगानें जेवढी हलविली तेवढी शंभर व्याख्यानांनीं हलली नसती.

आणि तरीही ही संस्था सुमारें दोन वर्षांतच संपली. ह्याचें कारण गुणांचा अभाव हें नव्हे. गुणांची विपुलता हेंच म्हणावें लागेल. ‘प्रभात’ कंपनी १९३३ सालीं पुण्यास आली होती. तिच्या ‘अमृतमंथन’ ह्या १९३४ सालच्या चित्रपटांत दाते नट म्हणून आणि भोळे संगीतकार म्हणून चमकले. काळेही पुढें त्याच कंपनींत गेले. त्यांस दोष देण्याचें कारण नाहीं. ज्याच्या गुणास मोल आहे त्यास तें मोल देणारा भेटला, इतकेंच. परंतु नाट्यमन्वंतरांत प्रत्येकजण कलावंत होता. कलावंत निघून गेल्यावर मागें दिवा लावावयास कोण उरणार? तेथें उणीव पडली ती कार्यकर्त्याची.

तो कार्यकर्ता कसा असतो हें पाहावयाचें तर मुंबईचे डॉ. अमृत नारायण भालेराव ह्यांचें चरित्र पाहावें. हे गिरगांवांतले वैद्यकी करणारे गृहस्थ. नट नव्हते, नाटककार म्हणूनही त्यांची ख्याति नव्हती. १९३५ सालीं स्थापन झालेल्या मुंबई मराठी साहित्य संघास त्यांनीं वाहून घेतलें. रंगभूमि मेली असें जो तो म्हणत असतांना १९४३ सालीं सांगलीस तिचा शतसांवत्सरिक उत्सव झाला आणि १९४४ सालीं मुंबईस मोठा नाट्यमहोत्सव झाला, त्यांमागें डॉक्टरांची खटपट होती. विखुरलेल्या जुन्या नटांस त्यांनीं एकत्र आणलें, त्यांच्या जोडीस नवे हौशी नट दिले. नानासाहेब फाटक आणि दुर्गाबाई खोटे ह्यांनीं गाजविलेली खाडिलकरांची ‘भाऊबंदकी’ ही संघाच्याच रंगमंचावरची. केळेवाडींतील संघाच्या नाट्यगृहास पुढें डॉक्टरांचें नांव देण्यांत आलें. ज्यानें कधीं टाळ्यांसाठीं तोंडास रंग लावला नाहीं त्याचें नांव नाट्यगृहास मिळावें, ही गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते.

प्रेक्षकांस नाटक तीन तासांचें दिसतें. कार्यकर्त्यास तें तीन महिन्यांचें असतें. तालमीस जागा मिळवावयाची, नाटककाराची परवानगी आणावयाची, संहिता परिनिरीक्षणास पाठवावयाची, तिकिटें घरोघर नेऊन खपवावयाचीं. कोणाच्या घरचा कोच, कोणाच्या आजीचा शालू, कोणाची पितळी समई अशी जमवाजमव करावयाची, आणि दुसऱ्या दिवशीं ज्याची त्यास न विसरतां पोंचवावयाची. ऐन प्रयोगांत विंगेंत उभें राहून नटास वाक्य पुरवावयाचें, मध्यंतरांत चहाचा हिशेब पाहावयाचा, पडदा पडल्यावर खुर्च्या मोजावयाच्या. ह्या कामांस टाळी नसते. तीं चुकलीं तर मात्र शिव्या असतात. आणि ह्यांत स्त्रियांची हौस पुरुषांच्या हौसेहून नेहमींच महाग पडत आली आहे. पुरुष कचेरींतून थेट तालमीस जातो. स्त्रीस दोन वेळचा स्वयंपाक आणि मुलांचा अभ्यास आटोपून, वर उशीर कां झाला ह्याचें उत्तर तयार ठेवून जावें लागे. ह्या वस्तुस्थितीचा जमाखर्च आमच्या नाट्येतिहासांत अजून मांडला गेलेला नाहीं.

१९५४ सालीं मुंबई सरकारनें नाट्यस्पर्धा सुरू केली, आणि गांवोगांवच्या हौशी संस्थांस वर्षाकाठीं एक निश्चित ध्येय मिळालें. १९६३ सालापासून पुण्याच्या ‘महाराष्ट्रीय कलोपासक’ संस्थेनें पुरुषोत्तम करंडकाची एकांकिका-स्पर्धा चालविली आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांस तेंच स्थान मिळवून दिलें. सरकारी स्पर्धेनेंच १९६७ सालीं विजय तेंडुलकरांचें ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ पुढें आणलें. प्रयोग ‘रंगायन’चा होता. योगायोग असा कीं ह्या नाटकांतलीं पात्रें म्हणजे एक हौशी नाटकमंडळीच आहे. एका गांवीं प्रयोगास गेलेली हीं सुशिक्षित माणसें वेळ घालविण्यासाठीं लुटुपुटीचा खटला चालवितात आणि त्या खेळाच्या आडून आपल्यांतल्याच एका अविवाहित शिक्षिकेच्या अब्रूचे लचके तोडतात. हौशी रंगभूमीनें आपल्याच वर्गास आरसा दाखवावा, आणि त्या वर्गानें समोर बसून तो पाहावा, हें धैर्य गल्ल्यावर नजर ठेवणाऱ्या मंडळीस सहसा झेपलें नसतें.

परंतु हौशी संस्थेसही भय असतें. तें गल्ल्याचें नसून लौकिकाचें असतें. पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशननें १६ डिसेंबर १९७२ रोजीं भरत नाट्य मंदिरांत तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग केला. नाना फडणविसाच्या चित्रणावरून वादळ उठलें आणि एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेच्या चालकांनीं नाटक थांबविलें. तरुण मंडळींनीं तेव्हां बाहेर पडून १९७३ सालीं ‘थिएटर ॲकॅडेमी’ स्थापिली, १९७४ सालीं नाटक पुन्हा उभें केलें आणि १९८० सालीं तें युरोपांत नेलें. जब्बार पटेल बालरोगांचे डॉक्टर, मोहन आगाशे मनोविकारांचे, सतीश आळेकर जीवरसायनाचे अभ्यासक. पोटाचा उद्योग प्रत्येकाचा निराळा होता. संस्था कोणाची? तिचें नांव ज्यांनीं वर्षानुवर्षें जपलें त्यांची, कीं आज जे तिच्यासाठीं रात्री जागवितात त्यांची? ह्या प्रश्नास एकच उत्तर नाहीं. नांव सांभाळणाऱ्यांस भित्रे म्हणणें सोपें आहे. परंतु नांवच नसतें तर तरुणांस तें नाटक उभें करावयास पहिली जागा कोठून मिळाली असती? उलट, जें नांव प्रयोग झाकण्यासाठींच वापरलें जातें तें काय कामाचें, असेंही विचारतां येईल. आम्हांस वाटतें कीं संस्था फुटली ह्यापेक्षां दोन्हीकडे बिनमोबदला काम करणारीं माणसें निघालीं हीच गोष्ट मोठी होय.

ह्या बिनमोबदल्याच्या वृत्तीचें शेवटचें उदाहरण ‘धि गोवा हिंदु असोसिएशन’चें. १९१९ सालीं मुंबईंत निघालेली ही गोमंतकीयांची समाजसेवी संस्था. तिच्या कलाविभागानें ‘रायगडाला जेव्हां जाग येते’, ‘मत्स्यगंधा’ आणि १९७० सालीं ‘नटसम्राट’ अशीं नाटकें धंदेवाईकांसही हेवा वाटावा अशा इतमामानें केलीं. नटांस मानधन मिळे. परंतु रामकृष्ण नायकांसारखे चालविणारे लोक मोबदला घेत नसत, आणि शिल्लक पडे ती लोककार्यास जाई. ‘नटसम्राटां’तला म्हातारा नट घराच्या शोधांत वणवण करतो, त्याच संस्थेनें पुढें गोव्यांत वृद्धांसाठीं ‘स्नेहमंदिर’ उभारलें.

कोणी विचारील, कीं फुकट राबणाऱ्यांचा हा गौरव कशास? श्रमास मोल असावें हाच आधुनिक न्याय नव्हे काय? आक्षेप खरा आहे. ज्याचें पोट रंगभूमीवर आहे त्यास, पडदा ओढणाऱ्यापासून नायकापर्यंत, पुरतें वेतन मिळालेंच पाहिजे. हौसेच्या नांवाखालीं गरिबाचे श्रम लाटणें हें पापच. परंतु ज्याचें पोट अन्यत्र भरतें त्यानें आपल्या गांवासाठीं कांहीं संध्याकाळ देणें ही निराळी गोष्ट. आज एकांकिकेंत नांव मिळविलेला विद्यार्थी मालिकांकडे व चित्रपटांकडे वळतो, तसे दातेही वळले होते. गुणी माणसें यावयाचीं आणि जावयाचीं; नाट्यमन्वंतरापासून आजवर हें बदललेलें नाहीं, बदलण्याची आवश्यकताही नाहीं. चिंता असेल तर ती वेगळीच आहे. रंगमंचावर उभे राहूं इच्छिणारे शेंकडों मिळतात. खुर्च्या मोजणारा एक मिळत नाहीं. ज्या गांवीं तो मिळतो तेथें नाटक टिकतें. तेव्हां आपल्या मुलास वा मुलीस स्पर्धेंत बक्षीस मिळालें म्हणून आनंद करणाऱ्या घरांनीं, जो मुलगा यंदा केवळ पडदा ओढीत होता त्याचेंही कौतुक करावें. हौस त्यासही आहे. तिचें व्रत होण्यास तेवढेंच कौतुक पुष्कळदां पुरतें.