वारा आणि धावपट्टी

नांदेड-लातूरकडील शेतकरी उफणणीस उभा राहण्यापूर्वी वाऱ्याचा रोख पाहतो. वैमानिकही तेच करतो. समोरून वारा असला म्हणजे विमान थोड्या अंतरात थांबते. मुंबईस समुद्रवारा पश्चिमेचा. तेव्हा १९२८ सालच्या जुहूची व नंतरच्या सांताक्रूझची मुख्य धावपट्टी जवळजवळ समांतर, पूर्व-पश्चिम पडली. घोटाळ्याचे बीज यातच होते. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअर लाइन्सच्या विमानास सांताक्रूझवर नजरेच्या आधाराने उतरण्याची परवानगी मिळाली. पश्चिमेकडून येणाऱ्यास किनाऱ्यालगतचे जुहू आधी लागते. विमान तेथेच उतरले आणि आखूड धावपट्टी ओलांडून गेले. प्राणहानी टळली, विमान मात्र कायमचे निकामी झाले. आश्चर्य हे, की १९५३ साली एक ब्रिटिश कॉमेट विमानही असेच चुकून जुहूस उतरले होते. ते पुढे सुखरूप उडवून नेता आले.