वाचलेले इंधन जाते कुठे?

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीला डिकी असूनही प्रवाशांचे सामान टपावरच्या कॅरिअरवर का चढत असे, हे वर्गात एकदा विचारून पाहावे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार झालेल्या पद्मिनीची डिकी काही अगदीच लहान नव्हती. पण १९९५ साली महानगर गॅस कंपनी स्थापन झाली, पुढे टॅक्सी सीएनजीवर आल्या आणि डिकीत गॅसची टाकी जाऊन बसली. वायू पुरेसा साठवायचा तर तो वातावरणाच्या सुमारे २०० पट दाबाखाली कोंबावा लागतो. त्यासाठी टाकी जाड पोलादाची हवी. ती रिकामी असली तरी एका माणसाएवढी जड भरते. चालकाचे पैसे वाचले. मुलुंडला निघालेल्या कुटुंबाची ट्रंक मात्र टपावर गेली.

ऑक्टोबर २०२३ अखेर पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेल्या. जागेचा प्रश्न त्यांच्याबरोबर गेला नाही. तो आता हायब्रिड, म्हणजे संकरित गाड्यांत दिसतो.

अशा गाडीत पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर असते. ब्रेक लावताना हीच मोटर जनित्र होते आणि एरवी उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी गतिज ऊर्जा काही अंशी बॅटरीत परत जाते. मोठ्या प्रमाणावर विकली गेलेली अशी पहिली गाडी म्हणजे टोयोटाची प्रियस. ती १९९७ मध्ये जपानात आली. १९९९ ची होंडा इनसाइट तिच्याहूनही काटकसरी, पण तिने मागची सीटच टाकून दिली होती! दोघांनीच बसायचे, अमेरिकेत सुरुवातीला एसीसाठीही वेगळे पैसे मोजावे लागत. आम्हाला हा हिशेब प्रामाणिक वाटतो. गिऱ्हाइकांना तो फारसा मानवला नाही.

प्रियसची अडचण वेगळी होती. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर चाले, त्यामुळे इंजिन थांबले की गारवाही थांबे. मे महिन्यात अंधेरीच्या सिग्नलला अशी गाडी उभी आहे, अशी कल्पना करा. चालक बचत करील की इंजिन चालू ठेवील? २००३ च्या प्रियसमध्ये कॉम्प्रेसर विजेवर आला. २००८ मध्ये भारतात आलेल्या होंडा सिव्हिक हायब्रिडमध्ये तो अर्धा इंजिनावर, अर्धा विजेवर चाले. तिची बॅटरी मागच्या सीटमागे होती, म्हणून सीटची पाठ दुमडता येत नसे.

आता थोडे गणित करू. माणसांसह १२०० किलो वजनाची गाडी ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने येऊन थांबली. तिची गतिज ऊर्जा ६० हजार ज्यूल. त्यातली निम्मी परत मिळाली असे धरू. एसी १५०० वॅट घेत असेल, तर हे ३० हजार ज्यूल पुरतात अवघे २० सेकंद! सिग्नल दीड मिनिटाचा असला, तर उरलेली वीज इंजिनाने आधी किंवा नंतर भरून दिलेली असणार.

मग हायब्रिड फसवी आहे का? तसे नाही. उभ्या गाडीत एसीसाठी इंजिन फिरवत ठेवणे फार उधळपट्टीचे असते. चालत्या गाडीत योग्य भार असताना तेच इंजिन वीज बरीच स्वस्तात देते. म्हणून साकीनाक्याच्या कोंडीत हायब्रिडची बचत खरीच असते. फक्त तिचा एक वाटा गारव्यावर खर्च होतो.

२०२२ मध्ये आलेल्या मारुती ग्रँड विटाराच्या पूर्ण हायब्रिड प्रकाराचा जाहीर आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर आहे. तो एसी बंद ठेवून केलेल्या चाचणीतला आहे. त्याच गाडीच्या साध्या प्रकारात डिकी ३७३ लिटरची, हायब्रिडमध्ये २६५ लिटरची. मधले १०८ लिटर बॅटरीने घेतले.