शिक्षा आणि निग्रह : इंग्लंडमधील शालेय बलप्रयोगाच्या नियमांचा इतिहास

संस्कृतात 'शिक्षा' हे सहा वेदांगांपैकी एकाचे नाव असून उच्चारशास्त्र हा त्याचा विषय होय. हिंदीने या शब्दाचा 'अध्ययन-अध्यापन' हा अर्थ राखला. मराठीत मात्र तो दंडाच्या अर्थी स्थिरावला आणि अध्यापनासाठी आपण 'शिक्षण' हे रूप स्वीकारले. परिणामी 'शारीरिक शिक्षा' हे दोन शब्द हिंदी शाळेच्या वेळापत्रकात व्यायामाचा तास दाखवितात, तर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे छडी उभी करतात. शब्दार्थाची ही गंमत येथे नमूद करण्याचे कारण असे की, शिक्षकाचा हात विद्यार्थ्याच्या अंगाला लागतो तेव्हा घडणाऱ्या कृतीस नाव कोणते द्यावे, हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. मुलाला मारणे आणि मुलाला धरून ठेवणे या दोन कृतींत कायद्याने भेद केव्हा केला व कशाच्या आधारे केला, हे इंग्लंडच्या उदाहरणावरून विशेष स्पष्टपणे पाहता येते. दुसऱ्या कृतीसाठी मी 'निग्रह' हा शब्द योजीत आहे.

एकोणिसाव्या शतकात हा भेद कायद्याला जाणवलाच नव्हता. शिक्षकाचा अधिकार पित्याकडून आलेला मानला जाई, आणि त्या एका अधिकारात मारणे, कोंडणे, धरून ठेवणे हे सारे सामावलेले असे. त्याची मर्यादा प्रथम ठळकपणे आखली गेली ती १८६० च्या हॉपली खटल्यात. ईस्टबोर्न येथे खासगी शाळा चालविणाऱ्या टॉमस हॉपली याने अभ्यासात मंद असलेल्या पंधरा वर्षांच्या एका विद्यार्थ्याला 'हट्टी' ठरविले, कठोर शिक्षेसाठी पित्याची पत्राने संमती मिळविली, आणि एप्रिल महिन्यातील एका रात्री त्याला सुमारे दोन तास मारले. सकाळी मुलगा अंथरुणात मृत आढळला. सरन्यायाधीश कॉकबर्न यांनी लुइस येथील न्यायासनावरून जो नियम सांगितला त्याचा आशय असा : मुलाच्या सुधारणेसाठी पिता किंवा शिक्षक यांना मर्यादित व वाजवी शारीरिक दंड करता येईल, परंतु तो रागाच्या तृप्तीसाठी केला असल्यास, प्रमाणाबाहेर असल्यास किंवा अयोग्य साधनाने केला असल्यास बेकायदा होय. हॉपलीला चार वर्षांची सक्तमजुरी झाली.

या निकालातील 'वाजवी' हे विशेषण पुढील सर्व इतिहासाचे बीज आहे. निकालाने छडी काढून घेतली नाही. तिला केवळ एक विशेषण जोडले. पित्याची संमती असूनही हॉपलीस दंड झाला, ही गोष्ट मात्र लहान नव्हे. १९३३ च्या बालके व अल्पवयीन व्यक्ती यांच्याविषयीच्या कायद्यानेही बालकांवरील क्रौर्य हा गुन्हा ठरविताना शिक्षकाचा शिक्षा करण्याचा हक्क अबाधित असल्याचे स्वतंत्रपणे सांगितले. तोवर निग्रहाला स्वतंत्र नाव नव्हते, कारण त्याची गरजच नव्हती. ज्याला मारण्याचा अधिकार आहे त्याला हात धरण्याचा अधिकार वेगळा कशाला हवा?

गरज निर्माण झाली ती मारण्याचा अधिकार गेल्यावर. १९८२ साली युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने स्कॉटलंडमधील दोन मातांच्या तक्रारीवर निर्णय देऊन, शारीरिक दंडाविरुद्धच्या पालकांच्या श्रद्धेचा मान राखला गेला नाही असे ठरविले. जुलै १९८६ मध्ये ब्रिटिश लोकसभागृहाने सरकारी शाळांतील छडी २३१ विरुद्ध २३० अशा अवघ्या एका मताने रद्द केली, आणि हा बदल ऑगस्ट १९८७ पासून अंमलात आला. मतांचा हा फरक बहुतेक लेखकांनी नोंदविला आहे. त्याच कायद्याच्या ४७ व्या कलमातील एका पोटकलमाकडे मात्र तितके लक्ष गेलेले दिसत नाही. त्याचा आशय असा की, कोणाच्या शरीराला अथवा मालमत्तेला असलेला तात्काळ धोका टाळण्यासाठी जे केले जाईल ते 'शारीरिक दंड' मानू नये. म्हणजे निग्रह कायद्यात प्रथम आला तो अधिकार म्हणून नव्हे, तर शिक्षेच्या व्याख्येला जोडलेला अपवाद म्हणून. येथे कृतीचे स्वरूप गौण ठरले आणि हेतू प्रधान झाला. तोच हात, तीच पकड. हेतू सुधारणेचा असेल तर निषिद्ध दंड, हेतू धोका टाळण्याचा असेल तर दंडच नव्हे.

या अपवादाचे पुढे अधिकारात रूपांतर झाले. १९९७ च्या शिक्षण कायद्याने आधीच्या वर्षीच्या कायद्यात ५५०-अ हे कलम घातले. ते सप्टेंबर १९९८ पासून लागू झाले. गुन्हा, इजा, मालमत्तेची हानी आणि शाळेच्या सुव्यवस्थेस व शिस्तीस बाधक वर्तन, यांपासून विद्यार्थ्याला परावृत्त करण्यासाठी परिस्थितीनुसार वाजवी बळ वापरण्याची मुभा त्याने दिली. कॉकबर्न यांचे 'वाजवी' हे विशेषण येथे पुन्हा भेटते; फक्त त्याचे विशेष्य बदलले आहे. पहिल्या तीन कारणांबद्दल फारसा वाद संभवत नाही. चौथे कारण मला चिंताजनक वाटते. १९८६ च्या अपवादात 'तात्काळ धोका' ही अट होती. शिस्त हे कारण ग्राह्य धरताच ती अट सैल झाली, आणि दंडाचा जुना हेतू मागील दाराने आत येण्यास वाट मिळाली. शारीरिक दंडाला या कलमाने मुभा मिळत नाही असा खुलासा कायद्यात आहे हे खरे. पण 'शिस्तीसाठी धरले' आणि 'शिस्तीसाठी दंड केला' यांतील अंतर वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाला किती दिसेल?

२००६ च्या कायद्यात हेच कलम ९३ व्या क्रमांकाने पुन्हा आले. मजकूर जवळजवळ तोच. मथळा मात्र बदलला. आधी तो विद्यार्थ्यांचा 'निग्रह करण्याचा अधिकार' असा होता, आता 'बळ वापरण्याचा अधिकार' असा झाला. हा बदल मला प्रामाणिकपणाचा वाटतो. 'निग्रह' म्हणताना त्यातले बळ झाकले जाते. नव्या मथळ्याने ते उघडे केले. जुलै २०१३ च्या सरकारी मार्गदर्शिकेने बळाच्या पायऱ्याही सांगितल्या : दोन मुलांच्या मध्ये उभे राहणे, दंड धरून बाहेर नेणे, आणि अखेरीस शरीर आवळून धरणे. 'वाजवी' म्हणजे गरजेपेक्षा अधिक नाही, अशी तिची व्याख्या होती आणि बळ वापरण्यास पालकांची संमती लागत नाही असेही तिने सांगितले. १८६० साली पित्याची संमती पुरेशी ठरली नव्हती. आता ती आवश्यकही उरली नाही.

शरीर आवळण्याच्या काही पद्धती याच मार्गदर्शिकेने अतिधोक्याच्या ठरविल्या. त्यांपैकी बसलेल्या मुलाला दोन्ही बाजूंनी कवटाळून वाकविण्याच्या पद्धतीने २००४ साली रेन्सब्रूक येथील बालबंदिगृहात एका मुलाचा जीव गेला होता. ती शाळा नव्हती, हे खरे. मुलाचे वय पंधराच होते, आणि प्रकरणाची सुरुवात स्वयंपाकघरातील एक उपकरण पुसण्यास त्याने दिलेल्या नकाराने झाली होती.

हेतूवर उभा असलेला नियम पुराव्यावाचून लंगडा पडतो, आणि हेतूचा पुरावा म्हणजे तत्काळ केलेली नोंद. २००९ साली कायद्यात ९३-अ हे कलम आले : बळ वापरल्याच्या प्रत्येक महत्त्वाच्या प्रसंगाची लेखी नोंद ठेवावी व पालकांना शक्य तितक्या लवकर कळवावे. परंतु ते अनेक वर्षे अंमलाविना पडून राहिले. समानता व मानवी हक्क आयोगाला जून २०२१ च्या अहवालात नोंदीची सक्ती व्हावी अशी शिफारस करावी लागली. बळाचा अधिकार १९९८ पासून चालू होता. त्याचा हिशेब मागे राहिला.

आपल्याकडील स्थिती वेगळी आहे. ज्या वर्षी हॉपलीला शिक्षा झाली त्याच वर्षी, १८६० च्या ऑक्टोबरात, भारतीय दंडसंहिता संमत झाली. कोणाची वाट अडविणे व कोणाला ठराविक सीमेत कोंडणे हे तिच्या ३३९ व ३४० या कलमांनी वेगवेगळे अपराध ठरविले, आणि ८९ व्या कलमाने बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी पालकाने किंवा त्याच्या संमतीने सद्भावनेने केलेल्या कृतीस संरक्षण दिले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ही तत्त्वे अनुक्रमे १२६, १२७ व २७ या कलमांत आहेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे १७ वे कलम शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई करते, पण भांडणारी दोन मुले सोडविताना शिक्षकाने किती बळ वापरावे याविषयी ते मौन आहे. असा नियम मराठीत लिहिण्याची वेळ आलीच, तर 'निग्रह' हा शब्द मसुदाकारांना अपुरा पडेल, कारण मराठीत मनोनिग्रह व इंद्रियनिग्रह हे माणूस स्वतःचेच करतो. 'प्रतिबंध' म्हणावे, तर त्यातला हातच दिसेनासा होतो. बोलीत मात्र आई शेजारणीला 'याला जरा आवर' म्हणते. त्यात दंडाची छटा नाही, आणि कोणीतरी कोणाला तरी धरले आहे हे लपतही नाही.